घनतेला अजूनही विचारावं लागतं

नमस्कार. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की विश्वातल्या द्रव्याची घनता क्रांतिक घनतेपेक्षा जास्त असेल तर प्रसरण थांबून विश्व आकसेल, कमी असेल तर ते पसरतच राहील. त्यावर तुमची प्रतिक्रिया अशी : "हे 1998 पूर्वीचं पुस्तकी ज्ञान झालं. कृष्ण ऊर्जा सापडल्यावर द्रव्याच्या घनतेला विचारतो कोण? मुलांना अर्धवट शिकवू नका."

(कृष्ण ऊर्जा म्हणजे विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढवणारी, अजून नीट न उलगडलेली ऊर्जा.) यातलं पहिलं वाक्य मला मान्य आहे. माझं विधान फक्त द्रव्यच असलेल्या विश्वाला लागू पडतं आणि ती अट मी लिहिली नव्हती. विश्वाच्या प्रसरणाचं गणित मांडणाऱ्या रशियन शास्त्रज्ञ फ्रीडमनच्या 1922 च्या समीकरणांतही वैश्विक स्थिरांकाला, म्हणजे कृष्ण ऊर्जेसारखा परिणाम करणाऱ्या पदाला, जागा होती. दूरच्या अतिनवताऱ्यांवरून, म्हणजे स्फोट होणाऱ्या ताऱ्यांवरून, प्रसरणाचा वेग वाढत असल्याचं 1998 मध्ये दिसलं. तेव्हापासून जास्त घनता म्हणजे आकुंचनच, असं म्हणता येत नाही. लेखातला तो परिच्छेद मी आज दुरुस्त केला आहे.

पण 'विचारतो कोण' हे मात्र पटत नाही. पणजीत मळा भागाच्या बाजूने आल्तिनोची टेकडी चढायला स्कूटर वेगात घ्या आणि पायथ्याशीच इंजिन बंद करा. वेग पुरला नाही तर ती मागे येईल. माथा ओलांडला तर सांतिनेजच्या बाजूला आपसूक, वाढत्या वेगाने उतरेल. कृष्ण ऊर्जा म्हणजे पलीकडचा उतार. अलीकडचा चढ द्रव्याच्या गुरुत्वाकर्षणाचा, आणि द्रव्य जितकं जास्त तितका माथा उंच. आपल्या विश्वाने तो माथा सुमारे 6 अब्ज वर्षांपूर्वी ओलांडला. कारण साधं आहे : अंतरं दुप्पट झाली की द्रव्याची घनता आठ पटींनी घटते, कृष्ण ऊर्जेची मात्र, आजच्या मोजमापांनुसार, जवळपास आहे तेवढीच राहते.

म्हणजे आधी काही अब्ज वर्षं सगळा कारभार द्रव्याच्या हातात होता. त्याही मागे जा. महास्फोटानंतर 1 सेकंदाने घनता क्रांतिक घनतेशी इतकी जुळलेली असावी लागते की फरक साधारण एक हजार लाख कोटींत एक भाग, म्हणजे 1 वर 15 शून्यं, एवढाच. थोडी जास्त असती तर विश्व केव्हाच कोसळलं असतं, थोडी कमी असती तर दीर्घिकाच जमल्या नसत्या. तेव्हा कृष्ण ऊर्जा नगण्य होती. हा हिशेब मी पहिल्यांदा केला तेव्हा रात्रभर झोप लागली नव्हती, आणि मुलांपर्यंत मला नेमकं हेच पोचवायचं आहे.

आता ही घनता केवढी? फोंड्यातली माझी खोली लांबी, रुंदी, उंचीला तीन-तीन मीटर. आजच्या क्रांतिक घनतेने तिच्यात सुमारे दीडशे हायड्रोजन अणूंइतकं वस्तुमान मावेल. त्यातले जेमतेम पन्नास द्रव्याच्या वाट्याचे, आणि तुम्हीआम्ही ज्याचे बनलो ते साधं द्रव्य तर सात-आठ अणूंपुरतंच. बाकीचं द्रव्य कृष्णद्रव्य, म्हणजे न दिसणारं, फक्त गुरुत्वाकर्षणावरून कळणारं द्रव्य, आणि उरलेले शंभरेक अणू तुमच्या कृष्ण ऊर्जेच्या खात्यात.

पलीकडचा उतार कायम तसाच राहील का, हेही अजून ठरलेलं नाही. दीर्घिकांचा नकाशा काढून प्रसरण मोजणाऱ्या 'डेसी' (DESI) प्रकल्पाच्या 2024 आणि 2025 च्या निष्कर्षांत कृष्ण ऊर्जा काळानुसार क्षीण होत असावी अशी चिन्हं आहेत. पुरावा पक्का नाही. पण ते खरं ठरलं, तर पुढच्या लेखात तुमचं वाक्यही मला माझ्यासारखंच दुरुस्त करावं लागेल.