सीटीसी म्हणे!

फोंड्याहून दोन बसा बदलून वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत मुलाखतीला गेलो. जाहिरातीत ठळक अक्षरांत ‘फ्रेशर्स वेलकम’. खाली बारीक अक्षरांत ‘किमान 2 वर्षांचा अनुभव’. अहो, अनुभव असता तर फ्रेशर कशाला म्हणवून घेतलं असतं?

ते सोडा. खरी डोकेदुखी सीटीसी, म्हणजे ‘कॉस्ट टू कंपनी’, कंपनीचा माझ्यावरचा एकूण खर्च. आकडा ऐकून आई देवापुढे साखर ठेवायला निघते. मग कळतं, मालकाने भरायचा मूळ पगाराच्या 12 टक्के पीएफ त्यातच, ग्रॅच्युइटी त्यातच, विम्याचा हप्ताही त्यातच! माझ्यावरचा खर्च म्हणजे माझा पगार नव्हे, एवढं सरळ मराठीत सांगायला जीभ जड होते का? बरं, समोरचे साहेब माझ्याच तालुक्यातले. चहा मागवताना अस्सल कोकणी, पगार विचारला की लगेच ‘ॲज पर इंडस्ट्री स्टँडर्ड’.

1987 च्या कायद्याने गोव्यात कोकणी राजभाषा झाली, सरकारी कामात मराठीलाही जागा मिळाली. पण नेमणूकपत्र मात्र इंग्रजीतच. नोटीस पीरियड, प्रोबेशन, बाँड... सही करा, पुढे व्हा.

आणि ते ‘वुई विल गेट बॅक टू यू’! तीन महिने झाले. नाही म्हणा की हो सरळ!