मॅडम, एरर आला!

आठवी-नववीच्या पोरांना पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवायची म्हणजे निम्मा तास "मॅडम, एरर आला" याच एका वाक्यात जातो. कसला एरर? "लाल." अरे लाल काय, लिहिलंय काय तिथे? "माहीत नाही, लाल लाल काहीतरी आलंय." आता पायथन बिचारा ओळीच्या नंबरासकट चूक दाखवतो, ३.१० या आवृत्तीपासून तर कंस उघडा राहिला की कुठला कंस तेही सांगतो, पण वाचणार कोण! मग मी जाऊन तेच वाक्य मोठ्यांदा वाचते, पोरगं कंस टाकतं, प्रोग्रॅम धावतो, आणि मॅडमना सगळं येतं अशी आपली ख्याती पसरते.

टॅब आणि स्पेसचं तर विचारूच नका. इफच्या (म्हणजे 'जर'च्या अटीच्या) खालची एक ओळ टॅब दाबून आत सरकवलेली, दुसरी स्पेस मारून, दिसायला दोन्ही अगदी एका रेषेत, आणि पायथन मात्र अडून बसलेला. "मॅडम, सरळ तर दिसतंय!" यावर काय बोलणार.

मग बेरजेचा प्रोग्रॅम. ५ आणि ५ टाकले, उत्तर ५५. सगळा वर्ग खूश, कॉम्प्युटरलाच बेरीज येत नाही म्हणून. इनपुट ही आज्ञा टाइप केलेलं जे काही आणते ते अक्षरं म्हणूनच आणते, मग प्लस त्यांना नुसतं शेजारी शेजारी बसवतं, म्हणून ती अक्षरं आधी इंटमध्ये (अक्षरांचा पूर्णांक करणाऱ्या आज्ञेत) घाला, हे फळ्यावर लिहून लिहून माझा खडू संपला. एका कार्ट्याने मुद्दाम मराठी कीबोर्ड लावून देवनागरी ५ टाकला, म्हणजे मॅडमची फजिती. पण इंटला देवनागरी आकडे कळतात, उत्तर बरोब्बर दहा! (तोच ५ थेट कोडमध्ये लिहिला की मात्र सिंटॅक्स एरर, म्हणजे लिहिण्याचा नियम मोडल्याची चूक, हे मी त्या दिवशी बोलले नाही, मजा चालू होती.)

शेवटी मागच्या बाकावरून आवाज आला, ०.१ अधिक ०.२ केलं तर ०.३ च्या मागे पंधरा शून्यं आणि शेपटाला ४ का येतंय? हा प्रश्न खरंच भारी होता. एक भागिले तीन जसं दशांशात संपत नाही तसं ०.१ बायनरीत, म्हणजे कॉम्प्युटरच्या नुसत्या ० आणि १ च्या आकड्यांत, संपत नाही, कुठेतरी कापावं लागतं, असं मी अगदी रंगात येऊन सांगितलं. "म्हणजे मॅडम, गणिताच्या पेपरात थोडं इकडेतिकडे झालं तर चालतं?" म्हटलं, सरांनाच विचार. त्याने खरंच विचारलं, माझं नाव सांगून. गणिताचे सर हल्ली स्टाफरूममध्ये माझ्याशी फक्त पूर्णांकात बोलतात.