युकॉनच्या काठी आठवलेली ठाण्याची खाडी

माझे बालपण ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात गेले आणि गेली अकरा वर्षे मी अलास्कातील फेअरबँक्सला राहतो. या जुलैत इथल्या एका मित्रदांपत्याच्या मासेमारीच्या तळावर चार दिवस राहून आलो. युकॉन नदीवरच्या पुलापासून होडीने तीन तासांवर असलेला हा तळ म्हणजे प्लायवूडची झोपडी, धुरीघर आणि मासे वाळत घालायच्या उंच दांड्या. मित्राच्या आजीच्या काळी त्या दांड्या किंग सॅमनच्या पट्ट्यांनी लाल दिसत. आता तिथे व्हाइटफिशच्या मोजून चौदा जोड्या लटकत होत्या आणि ओघाने फिरून मासे उचलणारे लाकडी चाक काठावर ओढून ठेवलेले होते. 2024 साली अलास्का व कॅनडाने युकॉनमधील किंग सॅमनची मासेमारी सात वर्षे, म्हणजे त्या माशाच्या एका जीवनचक्राएवढा काळ, थांबवण्याचा करार केला.

निघण्याच्या आदल्या रात्री आमच्या नातलगांच्या ग्रुपवर खाडीवरून वाद पेटला होता. भाचा खाडीवरच्या नव्या पुलांच्या बाजूने वाहनसंख्या मांडत होता, तर भाची फ्लेमिंगोंच्या बाजूने 2015 चे अभयारण्य आणि 2022 चा रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा. ज्यांचा पाग, म्हणजे फेकून टाकायचे जाळे, अजून मागच्या पडवीत खुंटीला आहे, त्या धाकट्या काकांनी एकच ओळ लिहिली, "निवटी कुठं मिळते ते आधी सांगा." निवटी म्हणजे खाडीच्या चिखलातला छोटा मासा. त्यावर कोणी काही बोलले नाही. त्यांच्या जाळ्यात पूर्वी काय येई आणि आता काय येते, याचा आकडा दोघांकडेही नव्हता.

इकडे युकॉनच्या खालच्या भागातल्या पायलट स्टेशन गावाजवळ सोनार यंत्राने, म्हणजे ध्वनिलहरींनी, नदीतून वर जाणारे सॅमन मोजतात आणि त्या मोजणीवरून मासेमारी उघडायची की नाही ते ठरते. मासा कमी पडला तर संघराज्याच्या जमिनीवरील आणि पाण्यातील पहिला हक्क पोटासाठी मासे धरणाऱ्या ग्रामीण रहिवाशांचा, असे 1980 चा अमेरिकी कायदा सांगतो. ठाण्याच्या खाडीवरील वाशीच्या तिसऱ्या पुलाच्या वेळी मात्र मच्छीमारांना भरपाईसाठी उच्च न्यायालयात जावे लागले. भरपाई मिळायलाच हवी. पण आधी पूल आणि मग मच्छीमार, हा क्रमच मला चुकीचा वाटतो.

अर्थात, या पहिल्या हक्काचे नाव काढताच मित्र हसला. बेरिंग समुद्रात पोलॉक मासा धरणाऱ्या ट्रॉलर्सच्या जाळ्यात सॅमनही सापडतो आणि समुद्र तापतो आहे तो वेगळाच. नदीकाठच्या हक्काला तिथवर हात पोहोचत नाही. तरीही हे कुटुंब दर उन्हाळ्यात तळावर येते, कारण मुलीचा हात सुरीवर बसायला हवा.

दहा वर्षांची ती मुलगी व्हाइटफिश पाठीकडून चिरत होती. तुमच्याकडची ती निवटी कशी साफ करतात, असे तिने विचारले, तेव्हा आई राखेत घोळून घ्यायची एवढेच मला सांगता आले. मी स्वतः ती कधी हातात धरलेली नाही.