मामांची बाकी आणि माझी कॅश

आमचे मामा रावेरला केळीचा व्यापार करतात आणि मी जळगावात बसून वेबसाइटी बनवतो, एवढ्या एका कारणावरून त्यांची वेबसाइट मी फुकटात बनवायची हे आईने परस्पर ठरवून टाकलं. काम दिसायला साधं. शेतकऱ्याने मोबाइलवर लॉगिन करायचं, बऱ्हाणपूरचा आजचा भाव बघायचा आणि मामांकडे आपली बाकी किती निघते ते बघायचं.

बाकीचंच तर दुखणं होतं. सहा वर्षांची खरेदी, क्विंटलचे भाव, मजुरी, उचल, मध्येच कोणी पोरीच्या लग्नाला नेलेले पैसे, अशी डेटाबेसमधली पाच टेबलं जोडून बेरीज यायची आणि पान उघडायला लागायचे ३८ सेकंद. इंडेक्स टाकले, म्हणजे नोंद पटकन सापडावी म्हणून पुस्तकामागे असते तशी सूची, तर ११ वर आलं. एक शेतकरी म्हणे, "तेवढ्यात माझा घड कापून होतो भो."

मग रेडिस आणलं, म्हणजे माहिती मेमरीत ठेवून झटपट देणारं सॉफ्टवेअर. २००९ मध्ये इटलीतल्या साल्वातोरे सानफिलिप्पोने स्वतःची वेबसाइट पळत नव्हती म्हणून हे बनवलं (त्याला रावेरचे मामा नव्हते, तरीही). बेरीज एकदाच करायची, उत्तर मेमरीत ठेवायचं, तासभर तेच दाखवायचं आणि मग फेकून द्यायचं. आई उन्हाळ्यात बिबडे करून डबा भरून ठेवते, पाहुणा आला की दर वेळी कोण ज्वारी भिजवत बसतंय, चार तळायचे आणि मोकळं, तसंच हे. अशा तयार साठ्याला म्हणतात कॅश (cache). पान फटकन उघडायला लागलं. मी ऐटीत फोन केला, "मामा, सगळ्यांची बाकी आता कॅशमध्ये ठेवली." मामा जरा वेळ गप्प, मग हळूच, "फोनवर नको बोलू. कितीये?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच फोन. झालं असं की कॅशच्या चावीला (ज्या खुणेने उत्तर ठेवायचं आणि शोधायचं ती) मी नाव दिलं होतं नुसतं 'बाकी', कोणाची ते लिहायचं राहूनच गेलं, त्यामुळे सकाळी ज्याने पहिल्यांदा साइट उघडली त्याचीच बाकी तासभर सगळ्या गावाला दिसली, चार लाख बारा हजार. ज्याच्याकडे उलट मामांचेच ऐंशी हजार उचलीचे अडकलेले तो माणूस पेढे घेऊन दुकानात हजर! आणि ज्याचे ते चार लाख खरे होते त्याच्या घरी तोवर दोन साडू उसने मागायला येऊन बसलेले.

चावीत शेतकऱ्याचा नंबर घातला आणि घाबरून सगळी कॅश एका दमात पुसली, तीही नेमकी भाव लागायच्या वेळेला. अख्खं गाव रिफ्रेश मारतंय, कॅश रिकामी, सगळ्यांच्या बेरजा एकदम डेटाबेसवर जाऊन पडल्या आणि सर्व्हर आडवा. याला इंग्रजीत थंडरिंग हर्ड म्हणतात, म्हणजे उधळलेली गुरं, अगदी बरोबर नाव आहे.

तेही निस्तरलं. मग एकाला दिवाणजींनी पन्नास हजार रोख दिले, त्याने तिथेच मोबाइल काढून दाखवला, "यात तर अजून तेवढेच दिसतात, द्या." बरं, नोंद पडली की त्याची कॅश उडवायची सोयही मी केली, पण दिवाणजी नोंद करतात संध्याकाळी, चहा झाल्यावर, त्याला कोणता कोड लिहू?

शेवटी बेचाळीस डिग्रीत एसटीने रावेर गाठलं. दिवाणजींनी लाल वही उघडून दाखवली, प्रत्येक पानाच्या वर लिहिलेलं, 'मागील बाकी'. चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "तू रोज सहा वर्षांची बेरीज करून राह्यला? कशाले रे?"

ते अडाणी नव्हते, मी होतो. परत येऊन टेबलात मागील बाकीचा एक कॉलम टाकला, नोंद पडली की तोही बदलतो, पान क्षणात उघडतं, रेडिस बंद. मामांना कळवलं, "मामा, कॅश काढून टाकली."

"काढली? कोणाला विचारून? किती काढली?"