कोर्टात जाऊन काय होतं, म्हणणाऱ्यांना

शाळासोबत्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर परवा पुन्हा तेच वाक्य आलं: "कोर्टकचेऱ्यांनी समाज बदलत नाही, वकिलांची घरं तेवढी भरतात." खाली टाळ्यांची रांग. मी अमेरिकेत, व्हर्जिनिया राज्यातल्या रिचमंडला राहतो, आणि इथे राहून हे वाक्य मला सहन होत नाही.

प्रिन्स एडवर्ड काउंटीतलं (काउंटी म्हणजे आपला जिल्हा) फार्मव्हिल गाव इथून सव्वा तासावर. तिथलं कृष्णवर्णीयांचं मोटन हायस्कूल १८० मुलांसाठी बांधलेलं. मुलं साडेचारशेच्या आसपास. जागा पुरेना म्हणून काउंटीने डांबरी कागदाच्या खोपट्या उभ्या केल्या. १९५१ मध्ये सोळा वर्षांच्या बार्बरा जॉन्सने तिथे संप घडवला आणि मुलांनी ऑलिव्हर हिल व स्पॉट्सवूड रॉबिन्सन या रिचमंडच्या कृष्णवर्णीय वकिलांना गाठलं. वकिलांनी अट घातली: चांगली इमारत मागायची असेल तर आम्ही येणार नाही, गोऱ्या-काळ्यांच्या वेगळ्या शाळांची पद्धतच मोडायची असेल तर लढू. पालक तयार झाले. वर्णावरून सरकारी शाळा वेगळ्या ठेवणं घटनाबाह्य ठरवणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९५४ च्या 'ब्राउन' निकालातल्या पाच खटल्यांपैकी हा एक.

असे वकील आपोआप तयार होत नाहीत. हार्वर्डला शिकलेले कृष्णवर्णीय वकील चार्ल्स ह्यूस्टन यांनी हॉवर्ड या वॉशिंग्टनच्या कृष्णवर्णीय विद्यापीठाच्या लॉ स्कूलला शिस्त लावली आणि हिल, थरगुड मार्शल यांच्यासारखी पिढी घडवली. खटल्यांची सुरुवात त्यांनी लॉ कॉलेजांच्या प्रवेशापासून केली, कारण तेव्हाचा कायदा 'वेगळं पण समान' चालवून घेत होता, आणि कृष्णवर्णीयांसाठी खरोखर तोडीचं वेगळं लॉ कॉलेज उभारणं राज्यांना परवडणारच नव्हतं. एकेक राज्य कोर्टात हरत गेलं: १९३६ मध्ये मेरीलँड, १९३८ मध्ये मिसूरी, १९५० मध्ये टेक्सास. ह्यूस्टन १९५० मध्येच गेले, ब्राउनचा निकाल त्यांनी पाहिला नाही. यात कोणाचं घर भरलं, सांगा.

ग्रुपवरचा मित्र म्हणेल, निकालानंतर तरी काय झालं? खरं आहे, प्रिन्स एडवर्ड काउंटीने १९५९ मध्ये सगळ्या सरकारी शाळाच बंद केल्या. पण पाच वर्षांनी त्या उघडल्या त्याही सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळेच. आणि चवदार तळ्याचा दावा १९३७ पर्यंत चालला, हायकोर्टात बाबासाहेबांच्या बाजूने निकाल लागला, हे महाराष्ट्रात वाढलेल्यांनी विसरावं?

माझी चीड निव्वळ इतिहासाची नाही. वर्णभेदाविरुद्धच्या त्या लढ्यानेच १९६५ च्या इमिग्रेशन कायद्याची वाट मोकळी केली, त्याच दाराने आपण आलो. या राज्यात मी स्वतःला थोडाफार इथला समजतो तो हिल-रॉबिन्सन यांच्या जिवावर. पुण्यात आता मी पाहुणा असतो. तरी आमच्या मंडळात ही नावं कधी निघत नाहीत. घर घेताना शाळेचं रेटिंग मात्र सगळे बघतात, आणि त्या आकड्याआड काय बघतात तेही मला माहीत आहे.

यंदा मुलांची सहल मोटनच्या म्युझियमला न्यावी, असं मी कमिटीत सुचवलं. "कशाला राजकारण?" असं उत्तर आलं. मी नेणार आहे. ज्यांना मुलं पाठवायची असतील त्यांनी कळवावं, गाडीत जागा आहे.