बसेल त्याची खुर्ची

अभ्यासिकेतलं खिडकीजवळचं टेबल माझं आहे. म्हणजे ते माझ्या नावावर नाही, आणि ‘जागा अडवून ठेवू नये’ ही पाटी नेमकी त्याच्याच डोक्यावर लावलेली आहे. पण तीन वर्षं मी रोज तिथेच बसतो. त्याचा एक पाय आखूड आहे, आणि त्याखाली चार घड्या करून सरकवलेला कागद माझा आहे. इतकी देखभाल मी स्वतःच्या दातांचीही केलेली नाही.

मधे तापाने आठवडाभर अंथरुणाला खिळलो. आठव्या दिवशी गेलो तर माझ्या खुर्चीत एक गृहस्थ ठाण मांडून बसलेले. टेबलावर चष्म्याचं घर, पाण्याची बाटली, आणि खुर्चीच्या पाठीला स्वेटर.

स्वेटर पाहिला आणि पोटात गोळा आला. रॉबर्ट सॉमर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1960च्या दशकात ग्रंथालयांत बसून नेमकं हेच तपासलं होतं. नुसती मासिकं पसरून ठेवली तर जागा फार काळ टिकत नाही; अंगातला कोट, स्वतःची वही असं काही ठेवलं तर पुष्कळ टिकते. लांडग्याचं हे काम मुतून भागतं. पाणघोडा शेण टाकताना शेपूट पंख्यासारखी फिरवतो, म्हणजे निरोप चहूकडे पोचतो. माणूस सुसंस्कृत, म्हणून तो स्वेटर टाकतो.

“माफ करा, ही जागा…” मी सुरुवात केली.

“हो, माझीच आहे,” ते म्हणाले. आणि वर आपुलकीने, “काही हवं होतं का?”

मी मुकाट्याने समोरच्या खुर्चीत बसलो. माझ्याच टेबलावर, पाहुणा!

त्या दिवशी एक ओळही वाचून झाली नाही. डोक्यात सारखी फुलपाखरं. ‘स्पेकल्ड वुड’ नावाचं एक फुलपाखरू असतं. जंगलात जमिनीवर पडलेला उन्हाचा कवडसा ही त्यातल्या नराची जहागीर. दुसरा नर आला की दोघं गिरक्या घेत वर जातात आणि काही सेकंदांत पाहुणा निघून जातो. जिंकतो तो बहुधा आधीपासून बसलेला. निक डेव्हिस या शास्त्रज्ञाने मालकाला पकडून ठेवलं, उपऱ्याला कवडशात बसू दिलं आणि मग मालकाला सोडलं. (हे 1978 साली छापून आलं.) मालक परत आला आणि हरला. उपरा तिथे काही सेकंदच बसला होता, पण तेवढ्यात तो मालक झाला होता. मी तर सात दिवस नव्हतो.

मात्र दोघांनाही आपणच मालक आहोत असं वाटलं, तर त्या गिरक्या दहापट लांबतात. आमच्या तीन आठवडे चालल्या. मी दार उघडण्याआधी पायरीवर हजर. दुसऱ्या दिवशी ते माझ्याही आधी. ते पाणी प्यायला उठले की मी माझं पुस्तक बोटभर पुढे सरकवायचो, मी उठलो की त्यांची बाटली बोटभर इकडे यायची. शेतकरी बांध कोरतात तसे आम्ही सनमायका कोरत होतो. तोंडाने अर्थातच ‘नमस्कार’, ‘काय उकाडा आहे’.

शेवटी मी कायद्याकडे वळलो. जुन्या रोमन कायद्यात जमीन 2 वर्षं आणि इतर वस्तू 1 वर्ष ताब्यात राहिली की मालकी मिळे. वा! टेबल स्थावर धरा की जंगम, माझी तीन वर्षं भरलेली. पण ताबा अखंड हवा, आणि ताप आडवा आला. मग फिलिपिन्सजवळच्या पाल्मास बेटाचा खटला सापडला. अमेरिकेचं म्हणणं, हे बेट स्पेनने शोधलं आणि 1898च्या तहात स्पेनचा मुलूख आमच्याकडे आला. 1906 मध्ये अमेरिकेचा एक जनरल मोठ्या हौसेने ते बघायला गेला, तर किनाऱ्यावर डच झेंडा फडकतोय. त्याच्या पोटातला गोळा मला नीट कळतो. 1928 मध्ये लवाद माक्स हूबर यांनी निकाल दिला: नुसता शोध पुरेसा नाही, शांतपणे आणि सतत अंमल चालवलेला दिसला पाहिजे. बेट डचांना. फुलपाखरांच्या पंचायतीनेही हेच सांगितलं असतं, आणि वकिलांचा खर्च वाचला असता. हूबरसाहेबांबद्दल मी जे पुटपुटलो, त्यासाठी अभ्यासिकेतून बाहेर काढतात.

आमचा निकाल झाडूने लावला. एका सकाळी झाडताना तो घडीचा कागद कचऱ्यात गेला. टेबल डुगडुगायला लागलं, गृहस्थांच्या सहीचा नागमोडी साप झाला. त्यांनी वाकून पाहिलं, उजवीकडे दाबलं, डावीकडे दाबलं. मी काही न बोलता वहीचं पान फाडलं, चार घड्या केल्या आणि खाली सरकवलं.

“म्हणजे तो कागद तुमचा होता?”

“तीन वर्षांपासून.”

ते बराच वेळ गप्प राहिले. मग चष्म्याचं घर उचलून त्यांनी आपल्या बाजूला घेतलं. बर्फाळ उत्तरेतल्या हान्स बेटावर कॅनडा आणि डेन्मार्क वर्षानुवर्षं आळीपाळीने झेंडे रोवत आणि दारूच्या बाटल्या ठेवत आले. 2022 मध्ये बेट वाटून घेऊन मोकळे झाले. आम्ही खिडकीच्या गजाची सावली सरहद्द मानली. ती दिवसभर सरकते, त्यामुळे सकाळी त्यांचं राज्य मोठं आणि दुपारनंतर माझं.

शेजारच्या झाडावरच्या ओळखीच्या नराचं गाणं ऐकून बरेच पक्षी फारसे चिडत नाहीत, अनोळखी सूर आला की मात्र तुटून पडतात. काल एक मुलगा पुस्तकांचा गठ्ठा सांभाळत आमच्या टेबलाशी आला. तिसऱ्या, रिकाम्या खुर्चीकडे बघून त्याने विचारलं, “इथे कुणी आहे का?”

“आहे,” आम्ही दोघंही एका सुरात म्हणालो. गृहस्थांनी पाठीचा स्वेटर काढून त्या खुर्चीवर टाकला, आणि मी त्यावर माझी वही ठेवली.