खोलीचं घनफळ मोजून रेडिएटर ठरत नाही

परवा रात्री अकराला धाकट्या भावाचा मेसेज आला. "ताई, तू उगाच भिंतीची जाडी नि खिडकीची मापं मागत बसलीस. हे बघ, एका ओळीत हिशोब आहे. उद्या ऑर्डर देऊन टाकतो." खाली एक फॉरवर्ड. गेल्या महिन्याभरात हाच फॉरवर्ड माझ्याकडे चौथ्यांदा आलाय. आधीचे तीन मी वाचून सोडून दिले. हा सोडणार नाही, कारण ज्या खोलीसाठी तो रेडिएटर, म्हणजे आतून गरम पाणी फिरवून खोली तापवणारं भिंतीवरचं पॅनेल, घ्यायला निघालाय तिथे त्याचं सहा महिन्यांचं बाळ झोपणार आहे.

फॉरवर्डमध्ये काय आहे ते थोडक्यात सांगते. खोलीची लांबी, रुंदी, उंची फुटांत घ्या, गुणाकार करा, त्याला पाचने गुणा. तेवढे बीटीयू (उष्णता मोजायचं ब्रिटिश एकक) तासाला लागतात. मग त्याहून एक माप लहान रेडिएटर घ्या, कारण मोठा रेडिएटर जास्त इंधन खातो. कॅटलॉगमध्ये जेवढे वॅट लिहिलेत तेवढे मिळणारच, इंजिनियर लोक उगाच घाबरवतात. खिडकीखाली लावू नका, उष्णता बाहेर जाते. काळा रंग द्या. मागे चकचकीत फॉइल लावा. आणि खोली लवकर तापवायची तर रेडिएटरचा व्हॉल्व्ह पाचवर फिरवा.

घरांच्या हीटिंगची आखणी करणं हे माझं रोजचं काम आहे. त्यामुळे या यादीतलं काय निरुपद्रवी आहे आणि काय खरंच त्रास देणारं आहे, हे मला सांगता येतं.

सुरुवात त्या पाचच्या गुणाकारापासून. भावाची खोली वरच्या मजल्यावर, कोपऱ्यातली. ४ मीटर बाय साडेतीन, उंची २.६. म्हणजे ३६.४ घनमीटर, सुमारे १२८५ घनफूट. पाचने गुणलं की ६४२५ बीटीयू. एक वॅट म्हणजे ३.४१२ बीटीयू प्रतितास, म्हणून हे झाले साधारण १८८० वॅट. एक माप लहान घ्या म्हटलंय, म्हणून भावाने १५०० वॅटचा निवडला.

आता तीच खोली नीट मोजू. खोलीच्या दोन भिंती बाहेरच्या हवेला, जुन्या, भरीव विटेच्या, इन्सुलेशन शून्य. अशा भिंतीचं यू-मूल्य २ च्या आसपास असतं; म्हणजे आत-बाहेर एका अंशाचा फरक असेल तर प्रत्येक चौरस मीटरमधून दोन वॅट बाहेर जातात. तिथे हिवाळ्यातल्या कडक रात्री बाहेर उणे पाच होतं, आत वीस हवेत, फरक पंचवीस. खिडकी वगळून भिंत १७ चौरस मीटर. झाले ८५० वॅट, नुसत्या भिंतींतून. अडीच चौरस मीटरची जुनी दुहेरी काच, यू-मूल्य २.८, तिथून १७५. वर थेट पोटमाळा. त्यावर पातळ, दबलेलं इन्सुलेशन, ०.७ धरलं तर २४५. फटींतून तासाला खोलीभर हवा बदलते असं धरलं तर घनफळ गुणिले फरक गुणिले ०.३३, म्हणजे ३००. खालची खोली उबदार आहे, म्हणून जमिनीचं काही धरलं नाही. बेरीज १५७० वॅट.

त्याच घराच्या मागच्या बाजूला नंतर बांधलेला भाग आहे. तिथली मधली खोली तंतोतंत याच मापाची. एकच भिंत बाहेरची, तीही इन्सुलेशनवाली, यू-मूल्य ०.३. काच नवी, १.४. वर-खाली माणसं राहतात. हवा निम्म्यानेच बदलते. हिशोब केला तर जेमतेम ३०० वॅट येतात.

एकाच घनफळाच्या दोन खोल्या. एकीला १५७०, दुसरीला ३००. फॉरवर्डचं उत्तर दोन्हींना १८८०. हवा तापवायला घनफळ लागतं हे बरोबर, पण या कोपऱ्यातल्या खोलीत हवेचा वाटा पाचव्या हिश्शाहूनही कमी आहे. बाकी सगळं भिंत, काच आणि छत नेतात, आणि त्यांच्याबद्दल त्या सूत्रात एक अक्षर नाही.

एक कबूल करते. हे सूत्र कुणी हवेतून काढलेलं नाही. जुन्या, गळक्या घरात, खूप गरम पाण्यावर चालणाऱ्या बॉयलरसाठी ते बऱ्यापैकी जवळ जातं. भावाच्या खोलीतही १८८० आणि १५७० यांच्यात फार अंतर नाही. अंदाज म्हणून कुणी तोंडी वापरलं तर मी भांडणार नाही. पण त्यावर ऑर्डर द्यायची नसते.

आता ज्याच्यामुळे हे लिहायला बसले तो मुद्दा. कॅटलॉगमधले वॅट मिळणारच, आणि त्यातही एक माप लहान घ्या.

भावाने कॅटलॉगच्या पानाचा फोटो पाठवला होता. १५०० हा आकडा ठळक. त्याच्याखाली, बोटाने मोठं केल्यावरच दिसेल अशा अक्षरांत: ७५/६५/२०. या तीन आकड्यांवर सगळं उभं आहे. युरोपीय मानक ईएन ४४२ प्रमाणे रेडिएटरची चाचणी अशी होते: पाणी ७५ अंशांनी आत जातं, ६५ नी बाहेर पडतं, खोली २० वर असते. पाण्याचं सरासरी तापमान ७०, खोलीशी फरक ५०. १५०० वॅट हे त्या पन्नासच्या फरकाचे आहेत. फरक कमी झाला की वॅट नुसते त्या प्रमाणात उतरत नाहीत, त्याहून जोरात उतरतात. पॅनेल रेडिएटरसाठी फरकाच्या गुणोत्तराचा साधारण १.३ वा घात धरतात. फरक ३० झाला की उरतात ५१ टक्के. २५ झाला तर ४१. २० झाला तर ३०.

आणि भाऊ जुना बॉयलर काढून हीट पंप, म्हणजे बाहेरची उष्णता आत ओढून पाणी तापवणारं विजेचं यंत्र, बसवतोय. पाणी ४५ ने जाणार, ४० ने परत येणार. सरासरी साडेबेचाळीस, फरक साडेबावीस. उरतात ३५ टक्के. त्याचा १५०० वॅटचा रेडिएटर त्या खोलीत ५३० वॅट देईल, लागतात १५७०.

मग काय होईल? खोली गार होत जाईल, तसतसा पाण्याशी फरक वाढेल आणि रेडिएटर थोडं जास्त देऊ लागेल, आणि कुठेतरी दोन्ही जुळतील. मी ते जुळवून पाहिलं. शेजारच्या खोल्यांची ऊब सोडली तर ती खोली नऊ अंशांच्या आसपास थांबते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली घरांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. थंडीच्या दिवसांत घरात किमान १८ अंश असावेत असं त्यात आहे, आणि लहान मुलं, म्हातारी माणसं यांना त्याहून जास्त लागू शकतात असंही. नऊ म्हणजे त्याच्या निम्मे.

"मोठा रेडिएटर जास्त इंधन खातो" हे वाक्य तर मी घरोघरी ऐकते, आणि चांगली शिकलेली माणसंही मान डोलावतात. रेडिएटर काही खात नाही. भोक पडलेली घागर भरलेली ठेवायची असेल तर किती पाणी ओतावं लागेल हे भोक ठरवतं, तुमचा तांब्या लहान की मोठा हे नाही. खोलीतून १५७० वॅटच्या दराने उष्णता जातेय, तर तेवढीच भरावी लागणार. मोठ्या रेडिएटरवर थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह असला की खोली वीसवर आली की तो पाणी आवळतो. जास्तीचे वॅट नुसते पडून असतात, जळत नाहीत.

खरं तर गोष्ट उलटी आहे. लहान रेडिएटरमधून तेवढीच उष्णता काढायची तर पाणी जास्त गरम करावं लागतं. हीट पंपला पाणी एक अंश जास्त तापवावं लागलं की साधारण दोन ते अडीच टक्के वीज जास्त लागते. कंडेन्सिंग बॉयलर असला तरी तेच: परतीचं पाणी ५५ अंशांच्या खाली आलं तरच धुरातली वाफ थंड होऊन आपली उष्णता परत देते. रेडिएटर लहान, पाणी कढत, परतीचं पाणीही कढत, म्हणजे कंडेन्सिंगचे पैसे मोजून साधा बॉयलर चालवल्यासारखं. इंधन वाचवायचं म्हणून लहान घेणारा माणूस दर हिवाळ्यात जास्त इंधन जाळतो आणि वर थंडीतही बसतो.

मोठ्या रेडिएटरविरुद्ध खरा आक्षेप एवढाच: तो महाग असतो, जागा अडवतो, आणि व्हॉल्व्हच नसेल तर खोली नको इतकी तापते आणि मग लोक खिडकी उघडतात. तेव्हा इंधन वाया जातं. पण त्याला उपाय व्हॉल्व्ह आहे.

आणखी एक गोष्ट मला भावाच्या फोटोतच दिसली, ज्याबद्दल त्याने विचारलंही नव्हतं. कपाटामागच्या कोपऱ्यात, जमिनीपासून वीतभर उंचीवर, काळे बारीक ठिपके. बुरशी. अशा भिंतीची आतली बाजू, खोली वीस असतानाही, बाहेर उणे पाच असेल तर साडेतेरा अंशांच्या आसपास असते. कोपऱ्यात आणि कपाटाच्या आड त्याहून कमी. श्वासाची, वाळत घातलेल्या कपड्यांची वाफ तिथेच बसते. खोली नऊवर गेली तर ते ठिपके कोपऱ्यापुरते राहणार नाहीत. बाळाच्या पाळण्याची जागा त्याने त्याच भिंतीला धरून ठरवली आहे.

बाकीच्या मुद्द्यांना फार वेळ देत नाही.

खिडकीखाली लावू नका: जुन्या काचेवरून गार हवा खाली घसरते आणि पायांवर येते. रेडिएटर खाली असला तर ती वाटेतच उचलली जाते. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या तिथे लावतात. काच चांगली असेल तर कुठेही लावा. यातलं अर्धसत्य असं की पडदा रेडिएटरवरून जमिनीपर्यंत लोंबत असेल तर ऊब पडद्यामागे काचेकडे जाते. पडदा आखूड करा.

काळा रंग: या तापमानाला जे किरण बाहेर पडतात ते डोळ्यांना दिसत नाहीत, आणि त्यांच्या दृष्टीने पांढरा आणि काळा रंग जवळजवळ सारखेच. धातूची चमक असलेला रंग मात्र खरोखर नुकसान करतो, क्रोमचे टॉवेल रेडिएटर त्याच कारणाने कमी तापवतात. शिवाय पंख (मागच्या बाजूच्या धातूच्या पातळ पट्ट्या) असलेल्या पॅनेलमधून बरीचशी उष्णता वर चढणाऱ्या हवेनेच जाते, तिथे रंगाचा संबंध नाही.

फॉइल: बाहेरच्या, इन्सुलेशन नसलेल्या भिंतीवर थोडा फायदा. भावाच्या खोलीत लावायला हरकत नाही. आतल्या भिंतीवर काहीच उपयोग नाही.

व्हॉल्व्ह पाचवर: त्यावरचा आकडा म्हणजे खोली कुठे थांबवायची ते. तीन म्हणजे साधारण वीस अंश. खोली गार असताना तिनावरही तो पूर्ण उघडाच असतो. पाचवर ठेवलं तर त्याच वेगाने तापते, फक्त विसावर थांबत नाही.

मग भावाने घ्यायचा कोणता? जशी आहे तशा खोलीला, त्याच्या ४५/४० च्या पाण्यावर, १५७० भागिले ०.३५४, म्हणजे कॅटलॉगमधले सुमारे ४४३५ वॅट लागतील. दोन मोठे रेडिएटर, एका भिंतीवर मावणारही नाहीत. म्हणून मी त्याला आधी भिंतींबद्दल सांगितलं. आतून इन्सुलेशन करून त्यांचं यू-मूल्य ०.३ वर आणलं तर ८५० चे १२८ वॅट होतात, एकूण ८५० च्या जवळ, आणि कॅटलॉगमध्ये २४०० वॅट पाहावे लागतात. दोन पॅनेल आणि मध्ये पंखांच्या दोन ओळी असलेला, म्हणजे बाविसाच्या प्रकारातला, ६० सेंटिमीटर उंच आणि १.४ मीटरच्या आसपास लांब. खिडकीखाली जागा आहे. आतून इन्सुलेशन करताना ओल भिंतीत अडकू नये याची काळजी घेणारा माणूस हवा, हे वेगळं काम आहे आणि त्यात घाई नको.

"पण ताई, हे सगळं कोण मोजणार?" असं त्याने विचारलं. टेप घेऊन एक तास लागतो. भिंतीची जाडी खिडकीच्या कडेला टेप धरून मिळते. काचेत दिव्याची किती प्रतिबिंबं दिसतात त्यावरून ती एकेरी की दुहेरी ते कळतं. प्रत्येक खोलीची बेरीज वेगळी. रीतसर करायचं तर ईएन १२८३१ या मानकात त्याची पूर्ण पद्धत आहे आणि हीट पंप बसवणाऱ्याने ती खोलीवार करून द्यायला हवी. त्याच्या माणसाने दिली नाही. घर बघून "पंधराशे पुरे" म्हणाला. तो कागद मागून घे, असं भावाला सांगितलंय.

ऑर्डर सध्या थांबली आहे. पाळणा दुसऱ्या भिंतीकडे हलवला. छताचे २४५ वॅट मात्र मी फोटोवरून धरलेत. शनिवारी तो पोटमाळ्यावर चढून इन्सुलेशनची जाडी मोजणार आहे, मग ती ओळ पुन्हा मांडते.